सुगीत पाहिलेला समुद्र

परवा शाळेतून आले तर खिडकीच्या गजांवर पिवळसर भुसकट बसलेलं होतं. बोटानं पुसलं आणि कळलं, सुगी आली. आमची कॉलनी लातूरच्या अगदी कडेला. शेवटच्या ओळीतल्या घरांपुढं रिंग रोड आणि रोड ओलांडला की लगेच शेतं. दसऱ्याच्या आसपास त्या शेतांत मळणीयंत्रं उभी राहतात आणि दिवसभर घरघरत असतात. सोयाबीनच्या भुशाचा वास कोरडा असतो, जरासा कडवट, घशात बसणारा. वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो, उशीला लागतो. चहालासुद्धा लागतो, असं महादेवीकाकू म्हणतात. त्या माझ्या शेजारीण. त्यांच्या यजमानांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत आहे, त्यामुळं त्यांना हा वास शुभ वाटतो. मला मात्र हा वास आला की समुद्र आठवतो.

लातूरच्या बाईला सोयाबीनच्या भुशातून समुद्र आठवावा हे ऐकायला विचित्र वाटेल. पण मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो याच दिवसांत, एका टॉकीजच्या अंधारात, आणि तेव्हा माझा धाकटा भाऊ मिलिंद माझ्या शेजारी बसला होता.

आम्ही मूळचे धर्माबादचे. वडील रेल्वेत गँगमन होते, रुळांवरून चालत जायचं आणि रुळांवरूनच परत यायचं, असं त्यांचं आयुष्य. स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये आमच्या एका भिंतीपलीकडं मराठी आणि दुसऱ्या भिंतीपलीकडं तेलुगू बोलली जायची. त्यामुळं आम्हा दोघा भावंडांना दोन्ही भाषा बोलायला यायच्या, शिव्या तेलुगूतल्या जास्त. मिलिंद चार महिन्यांचा असताना आई गेली. मी तेव्हा दहावीत होते. मी त्याला कडेवर घेऊन अभ्यास केला, डी. एड. केलं, आणि लातुरात शाळेत लागले तेव्हा त्याला बरोबर घेऊन आले. मी पाचवी ते सातवीला भूगोल शिकवते. फळ्यावर निळ्या खडूनं महासागर रंगवते. मुलं विचारतात, "मॅडम, तुम्ही पाहिलाय का समुद्र?" तेव्हा मी विषय बदलायची.

मिलिंदला यंत्रांचं वेड होतं. आयटीआय झाला, मग कुणीतरी त्याला सांगितलं की जहाजांवर इंजिनरूममध्ये माणसं लागतात. कोर्स केला, कागदपत्रं झाली, आणि एक दिवस तो मालवाहू जहाजावर ऑइलर म्हणून गेला. ऑइलर म्हणजे इंजिनाला तेलपाणी देणारा, त्याच्याकडं लक्ष ठेवणारा. आमच्या कॉलनीत ती केवढी गोष्ट होती! विहारात त्याचा सत्कार झाला. म्हाताऱ्या बायांनी मला विचारलं, "कुठं हाय ग तुजा भाऊ आत्ता?" मी भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवायची. निळ्या रंगात कुठंतरी.

तो दुसऱ्या फेरीहून परत आला त्या वर्षीची ही सुगी.

ठरलेल्या वेळेपेक्षा खूप उशिरा आला. मी स्टेशनवर गेले होते. गाडीतून उतरला तो आधी ओळखूच आला नाही. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, आणि चालताना पाय जरा फाकवून टाकायचा, जमीन हलेल अशा बेतानं. "अक्का," म्हणाला आणि हसला. रिक्षात घरापर्यंत तो बाहेर बघत राहिला.

घरी त्याला झोप यायची नाही. मला वाटायचं, प्रवासाचा शीण असेल, वेळ बदललीय. एक दिवस म्हणाला, "अक्का, इथं लई शांत हाय ग. इंजिन बंद पडल्यावानी वाटतंय." जहाजावर इंजिन कधी थांबत नाही. थांबलं तर सगळे दचकून जागे होतात, कारण थांबणं म्हणजे काहीतरी बिघडलं. आमच्या घरातली शांतता त्याला तशी ऐकू येत होती. मग तो सकाळी उठून रिंग रोड ओलांडायचा आणि जिथं मळणी चालू असेल त्या बांधावर जाऊन पडायचा. भुसकट अंगावर उडायचं, यंत्र धडधडायचं, आणि त्या आवाजात माझा भाऊ लहान मुलासारखा झोपायचा. शेतातल्या बाया मला म्हणायच्या, "मॅडम, तुमचा भाऊ हितं निजलाय बघा." त्या हसायच्या. मीही हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तो गच्चीवर एकटा बोलायचा.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपडे वाळत घालायला जिना चढत होते. वरून त्याचा आवाज आला, अगदी साधा, गप्पा मारतानाचा. तेलुगूत बोलत होता. "तिन्नानु रा," म्हणत होता. म्हणजे, जेवलो रे. मग थांबला, ऐकल्यासारखं केलं आणि हसला. मी बादली घेऊन पायरीवर उभी.

"कुणाशी बोलायलास रे?" वर गेल्यावर मी विचारलं.

"दोस्ताशी. फोनवर."

मी बरं म्हणाले. खाली येऊन स्वयंपाकघरात गेले, तर त्याचा फोन ओट्याजवळ चार्जिंगला लावलेला होता.

त्या दिवशी मी भाकरी थापत राहिले. दोघांना लागतात त्यापेक्षा खूप जास्त थापल्या. भीती वाटली की माझ्या हातांना काम लागतं.

अशोक विजयादशमीला कॉलनीतली निम्मी घरं दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. त्या वर्षी मीही जाणार होते, दुसऱ्या दिवसाची रजाही टाकली होती. मिलिंद नको म्हणाला. गर्दी नको, म्हणाला. मग मीही राहिले. कॉलनी रिकामी झाली. दारांना कुलपं, अंगणात झेंडे, आणि पलीकडून मळणीयंत्राची घरघर. महादेवीकाकू आपट्याची पानं घेऊन आल्या. मिलिंद भिंतीकडं तोंड करून पडलेला त्यांनी पाहिला आणि मला बाहेर बोलावलं.

"टीचर, राग मानू नका. पोरगं घरात कोंडून राहिलंय. जरा बाहेर काढा की. पिक्चरला तरी न्या."

एवढ्या सोप्या उपायावर मी चिडले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला पिक्चरला घेऊन गेले.

कोणता पिक्चर लागलाय ते मी पाहिलंच नव्हतं. टॉकीजमध्ये गार वाटेल, दोन घटका जातील, एवढाच हिशेब. परदेशी पिक्चर होता, हिंदीत डब केलेला. पोस्टरवर काळं पाणी आणि एक जहाज. मी तिकिटाच्या खिडकीशीच थांबले. "दुसरीकडं जाऊ," म्हणाले. मिलिंद पोस्टर बघत होता. "राहू दे, अक्का. बघू की. काय दाखवतेत ते."

आत मोजकी माणसं. सुगीच्या दिवसांत दुपारी पिक्चरला येतंय कोण! मागं कोचिंगची चार पोरं क्लास बुडवून आलेली, मोठमोठ्यानं हसत होती. दिवे गेले, आणि माझ्यापुढं समुद्र आला. एवढा मोठा, की पडद्याच्या दोन्ही कडांना तो कापल्यासारखा वाटत होता. माझ्या फळ्यावरचा निळा रंग त्याच्यात कुठंच नव्हता.

पिक्चरची गोष्ट अशी. एक जहाज भर समुद्रात नांगर टाकून उभं आहे. बंदरात घ्यायला परवानगी नाही, इंजिन बंद. दिवस जातात. जहाजावरचा आचारी जेवणाच्या टेबलावर रोज एक ताट जास्त मांडतो. कुणी काही बोलत नाही. एक दिवस एकजण विचारतो, "हे कुणाचं?" आचारी म्हणतो, "येईल तो." दुसऱ्या दिवसापासून विचारणारा माणूस दिसत नाही. ताटं मात्र तेवढीच. असं एकेक माणूस कमी होत जातं आणि आचारी सगळ्यांची ताटं मांडत राहतो, रिकाम्या खुर्च्यांशी बोलत राहतो. शेवटी कॅमेरा टेबलाभोवती फिरून येतो, तर आचारीही नाही. नुसती ताटं, आणि त्यांतून वाफ निघतेय.

मागची पोरं मध्यंतरानंतर गप्प झाली होती. मी पदर तोंडाशी धरून बसले होते. एका प्रसंगात नाहीशा झालेल्या माणसाच्या वस्तू त्याचा सोबती बॅगेत भरतो. शर्ट, दाढीचं सामान, घरच्यांचा फोटो. तेव्हा मिलिंदनं माझा हात धरला. तो इतका घट्ट धरला, की माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या. मी त्याच्याकडं पाहिलं. तो पडद्याकडंच बघत होता, पापणी न हलवता. "चल, जाऊ," मी कुजबुजले. त्यानं मान हलवली. नाही. आणि शेवटपर्यंत हात सोडला नाही.

बाहेर आलो तर ऊन डोळ्यांवर आदळलं. रिक्षा करायचं सोडून आम्ही चालत सुटलो आणि मोंढ्यात शिरलो. सगळीकडं सोयाबीनचे ढीग, पिवळे, उन्हात चमकणारे. चाळण्या घेऊन बसलेल्या बाया, हमालांची आरडाओरड, ट्रॅक्टरच्या रांगा. एका शेडच्या सावलीत रिकाम्या पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर मिलिंद बसला. मी शेजारी बसले.

"चुकीचं दाखवलंय," तो म्हणाला.

"काय?"

"माणूस जाताना म्युझिक वाजवलं त्येनी. तसं वाजत न्हाई, अक्का. रमणा गेला तवा कायबी वाजलं न्हाई."

रमणा हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

मग तो बोलत गेला. घरात इतके दिवस जे शब्द निघाले नव्हते ते मोंढ्याच्या कोलाहलात निघाले. रमणा आंध्राकडचा, समुद्राकाठच्या गावातला. तोही ऑइलर. पहिल्या दिवशी मिलिंदच्या तोंडून तेलुगू ऐकल्यावर त्यानं त्याला मिठीच मारली. इंजिनरूममध्ये आवाज एवढा, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. रमणा रोज कानाशी यायचा आणि विचारायचा, "तिन्नावा?" जेवलास का? मिलिंद म्हणायचा, तिन्नानु रा. दोघांचं घरी जायचं एकाच बंदरातून ठरलं होतं. त्या बंदरात बदली माणसं आलीच नाहीत. पुढच्या बंदरात येतील म्हणाले. तिथंही आली नाहीत. रमणा कामावर गाणी म्हणायचा, ते बंद झालं. तो जेवायला यायचा बंद झाला, केबिनमध्ये ताट न्यायचा आणि तसंच परत आणायचा.

"जहाजावर माणसं ऱ्हातेत ग. पिक्चरवानी रिकामं नसतंय. पण ड्युटी संपली की ज्यो त्यो आपल्या खोलीत, दार लावून. भ्या वाटतंय ते त्या दारांचं."

"मग?"

"एक दिवस म्हणला, चल वर, डेकवर बसू. मी म्हणलं, निजतो, थकलोय. सकाळी त्याचे बूट सापडले कठड्यापाशी. शेजारी शेजारी ठेवलेले."

जहाज मागं वळलं. संध्याकाळपर्यंत शोधलं. जवळून जाणारं दुसरं जहाजही थांबलं आणि शोधू लागलं. कॅप्टन सगळ्यांसमोर रडला, आणि मग जहाज पुन्हा आपल्या वाटेला लागलं. रमणाचं सामान भरायचं काम मिलिंदकडं आलं, कारण तोच त्याचा दोस्त.

"त्याची साबणाची वडी अजून वली होती, अक्का."

समोर एक हमाल पोतं शिवत होता. सुतळी ओढल्याचा आवाज येत होता. मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"दोन दिवसांनी मी खाली इंजिनपाशी हुतो. कानाशी आला आन् म्हणला, तिन्नावा? मला ठावं हाय त्यो न्हाई. मी येडा न्हाई. पण मी बोललो. न्हाई बोललो तर त्यो एकटा पडंल ना."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला एवढंच करता आलं. मी पिक्चरमध्ये घाबरले होते ती वाफा निघणाऱ्या ताटांना. आणि इथं माझ्या शेजारी, ढळढळीत दुपारी, सोयाबीनच्या ढिगांमध्ये माझा भाऊ मेलेल्या माणसाला एकटं पडू देत नव्हता.

डॉक्टरकडं आम्ही नांदेडला गेलो. लातुरात मला शाळेमुळं सगळे ओळखतात आणि मिलिंदला ते नको होतं. औषध चालू झालं की कंपनीच्या पुढच्या मेडिकल तपासणीत सांगावं लागेल, आणि मग जहाज कायमचं सुटेल, ही त्याची खरी भीती होती. बसमध्ये तो दोनदा म्हणाला, "उतरू का अक्का, मधीच?" मी त्याच्या बॅगेचा पट्टा मुठीत धरून बसले.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "रमणा काय म्हणतो तुम्हाला?" ऐकू येतो का, कधीपासून येतो, हे सगळं नंतर. मिलिंदनं मान वर केली. मला वाटतं, त्याच क्षणी तो बरा व्हायला लागला. गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं. निघताना त्या मला म्हणाल्या, "त्यांना गप्प करायचा प्रयत्न करू नका. बोलायला माणूस द्या." मी हो म्हणाले. मनात म्हटलं, मी आहे ना. अख्खी मी आहे.

झोप यायला लागली. गच्चीवरचं बोलणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. आणि त्याचा फोन वाजायचा. तो स्क्रीन बघायचा आणि फोन उलटा ठेवायचा. एकदा तो अंघोळीला गेलेला असताना वाजला. नाव होतं, रमणा अम्मा. मी उचलला.

"बाबू उन्नाडा?" पलीकडून म्हातारा, चिरका आवाज. पोरगा आहे का?

मी तेलुगूत सांगितलं, मी त्याची मोठी बहीण. त्यावर ती बाई इतकी गडबडली की तिला रडू आलं. तिला वाटलं होतं, उचलणारच नाही कुणी. तिला भरपाईबद्दल विचारायचं नव्हतं, चौकशीबद्दल नव्हतं. तिला विचारायचं होतं, त्या दिवशी तिच्या मुलानं काय खाल्लं होतं. जहाजावरून कागद आले, त्यांत सगळं होतं, एवढंच नव्हतं.

मिलिंद टॉवेल गुंडाळून दारात उभा होता. मी फोन त्याच्यापुढं धरला. तो मागं सरकला. मग मी फोनमध्येच म्हणाले, "अम्मा, आम्ही येतो. दिवाळीच्या सुट्टीत येतो."

नांदेडहून रेल्वे, विशाखापट्टणमच्या पुढं बस, मग एका टमटममधून गाव. मातीच्या भिंती, नारळाची झाडं, वाळूवर पसरलेली जाळी, आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास, जो माझ्या नाकाला अजिबात सोसला नाही. आणि मग समुद्र. नांदेडच्या पुलावरून गोदावरीचा पूर मी पाहिलेला होता, पण पुराला पलीकडचा काठ असतो. इथं नजर जात होती आणि परत येत नव्हती. पाणी मातकट, राखाडी होतं. माझ्याबरोबर मिलिंदही उभा होता. तो पाण्याकडं पाठ करून गावाकडं बघत होता.

रमणाची आई, गौरम्मा, दारात बसून मासळी साफ करत होती. बारीक चणीची, काळी, पांढऱ्या केसांची. तिनं हात धुतले, मिलिंदच्या तोंडावरून फिरवले, आणि म्हणाली, "कूर्चो." बस. आमची तेलुगू ऐकून तिला आधी हसू आलं. असली तेलुगू कुठली, म्हणाली, मिरच्या घातल्यासारखी. धर्माबादची, मी म्हणाले.

मिलिंदनं तिला सगळं सांगितलं. त्या दिवशी रमणानं भात आणि अंड्याची करी नेली होती आणि अर्धी खाल्ली होती. डेकवर चल म्हणाला होता ते सांगितलं, बुटांचं सांगितलं. मी दाराशी बसून ऐकत होते आणि वाटत होतं, आता ती याला बोल लावेल. तिनं लावला नाही. एवढंच विचारलं, "अजून येतो तुझ्याकडं?"

मी त्याला खूण केली, नाही म्हण. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. "येतो कधी कधी."

"काय म्हणतो?"

"तिन्नावा, म्हणतो."

गौरम्मानं पदर तोंडात धरला. मग म्हणाली, "ते मी विचारायची त्याला. फोन लागला की रोज. दुसरं काय विचारणार? मला जहाजातलं काय कळतंय!" आणि मग जरा रागानं, जरा हेव्यानं, "मला एकदाही हाक मारली नाही त्यानं. तुझ्याकडं येतो."

मिलिंद तेव्हा रडला. जहाजावर रडला नव्हता, मोंढ्यात नाही, नांदेडला नाही. तिच्या दारात, मासळीच्या खवल्यांत बसून ढसाढसा रडला. ती त्याच्या पाठीवर थापटत होती आणि दुसऱ्या हातानं माश्या हाकलत होती. मी पाहत होते. उठून त्याच्याजवळ जावं असं वाटलं, पण तिथं जागा नव्हती.

चार दिवसांसाठी गेलो होतो. परत निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या एका होडीचं इंजिन बंद पडलं. मिलिंदनं ते उघडलं, दुपारभर खटपट केली आणि चालू केलं. लोक जमले. संध्याकाळी तो माझ्याकडं आला, हात ग्रीसनं काळे, आणि म्हणाला, "अक्का, मी थोडं दिवस हितं ऱ्हाऊ का?"

"गोळ्या?"

"घेतो. नांदेडला येतो दाखवायला. तुझी शप्पत."

मी एकटीच परतले. रेल्वेत माझ्यासमोरची बाई विचारत होती, कोण कोण असतं घरी? मी म्हणाले, भाऊ असतो. जहाजावर.

थोडे दिवस म्हणता म्हणता तो तिथलाच झाला. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. आजूबाजूच्या गावांतून त्याला बोलावणी येतात. गोळ्या हळूहळू कमी होऊन बंद झाल्या. रमणा यायचा थांबला का, हे मी एकदा विचारलं होतं. "आता कामात असतो मी, अक्का," एवढंच म्हणाला. जहाजावर तो पुन्हा गेला नाही. मला बरं वाटतं. खरंच वाटतं. बोलायला माणूस द्या असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आणि त्याला माणूस मिळालं. ते माणूस मी नव्हते, एवढंच.

कधीतरी वाटतं, त्या पिक्चरवाल्यांनी घाबरवण्यासाठी उगाच एवढा समुद्र वापरला. माझ्या घराला तीन खोल्या आहेत. सुगीत दुपारी शाळेतून आले की कुलूप उघडते, पंखा लावते, आणि पलीकडच्या मळणीयंत्राचा आवाज खिडकीतून आत येऊन सगळ्या खोल्यांत फिरतो. संध्याकाळी यंत्र थांबतं. तेव्हा हातातलं काम थांबतं माझंही. महादेवीकाकूंच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू येईपर्यंत मी तशीच बसते.

काल त्याचा फोन आला. म्हणाला, दिवाळीला ये. नवीन होडी पाण्यात उतरवतोय, तुझ्या हातानं नारळ फोडायचाय. मी म्हणाले, पेपर तपासायचेत, बघते. तो आग्रह करत होता, मी आढेवेढे घेत होते, आणि मागून गौरम्मा त्याच्यावर ओरडायला लागली. किती वेळ बोलतोस, कालवण गार झालं, असं काहीतरी.

"वस्तुन्ना अम्मा," त्यानं फोनवरून तोंड बाजूला करून ओ दिली. येतो, आई.

सहज दिली. आई म्हणायची त्याला मराठीतही कधी वेळ आली नव्हती. मी त्याला न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, तापात रात्री काढल्या, पण मी अक्काच होते, आणि बरोबरच होतं ते. एवढा मोठा झाला, तिशी ओलांडली, आणि हा शब्द त्याच्या तोंडून मी आत्ता पहिल्यांदा ऐकला.

"अक्का? हाय का लाइनवर?"

"हाय," मी म्हणाले. "जा तू, जेव. मी येते दिवाळीला."

फोन ठेवला, कपाटावरची बॅग खाली काढली, तिच्यावरचं भुसकट झटकलं, आणि रडू आवरेना म्हणून तशीच बॅगेवर हात ठेवून बसून राहिले.